तपासणीची तारीख आणि तोडीची तारीख



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, पाणी, खत आणि हुमणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय निराळा आहे. मथळ्यात तोडीचे नाव दिसले म्हणून तोडणी कार्यक्रमात काही बदल झाला असेल अशा समजुतीने ज्यांनी पान उघडले त्यांनी रागावू नये. तोडीचे बोलणे पुढे येणारच आहे.

गेली साडेतीन वर्षे आम्ही ठराविक तारखांना रक्त तपासून घेत आहोत. सुरुवातीला दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी आणि आता तीन महिन्यांनी. आम्हांला रक्ताचा कर्करोग आहे. शेतकी खात्यातील दोघा-तिघांखेरीज ही गोष्ट आजवर कोणास ठाऊक नव्हती. पारावर मात्र चर्चा चालू असे. कोणी म्हणे साहेबांना साखर झाली, कोणी म्हणे मुंबईकडे दुसरा संसार आहे, नाहीतर माणूस सारखा पनवेलची गाडी कशाला धरतो? (दुसऱ्या संसाराची बातमी आमच्या सौ.ना एका सभासद भगिनीनेच हळदीकुंकवाला दिली. असो.)

तोंड मिटून बसण्याचे कारण असे की घरात लग्नाची मुलगी. कर्करोगाचे नाव काढले की पाहुणे उंबऱ्यावरून परत फिरतात हे आपण सगळे जाणतो. म्हणून प्रथमच सांगून टाकतो की आमचा हा रोग आईबापांकडून लेकरांत उतरत नाही. तो एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. मुलीचे लग्न गेल्या वैशाखात झाले आणि व्याह्यांना सर्व सांगूनच झाले. व्याही म्हणाले, "आमच्या घरात दोघांना साखर आहे, ती तुम्ही विचारली का?"

आता रोग सापडला कसा ते सांगतो. साडेतीन वर्षांपूर्वी मे महिन्यात कारखान्याच्या आवारात आरोग्य शिबिर झाले. रांगेत उभे राहून सर्वांनी रक्त दिले, आम्हीही दिले. आमच्या कागदावर पांढऱ्या पेशींचा आकडा आला १,८६,०००. निरोगी माणसात तो साधारण ४,००० ते ११,००० असतो. शिबिरातल्या पोराला वाटले मशीन बिघडले, त्याने पुन्हा रक्त घेतले. पुन्हा तोच आकडा. आम्हांला काही महिने डाव्या कुशीत जड वाटे, चार घास खाल्ले की पोट भरे, रात्री घामाने सदरा भिजे आणि वजन पाच किलोंनी उतरले होते. ते सारे आम्ही उन्हावर आणि ऊसनोंदीच्या पायपिटीवर ढकलले होते. कुशीतले जड म्हणजे वाढलेली पाणथरी होती.

तालुक्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन आम्हांला खारघरला धाडले. खारघर हे पनवेल तालुक्यातले, २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेतले. तेथे टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था साठ एकरांत वसलेली आहे. परळची जुनी कॅन्सर संशोधन संस्था २००२ साली तेथे हलवली गेली. या साऱ्या खटाटोपाचे मूळच मुळी रक्ताच्या कर्करोगात आहे. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली याच रोगाने गेल्या. पुढच्या वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या ट्रस्टने परळला रुग्णालय उभे केले, ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. पुढे १९६२ साली त्याचा कारभार अणुऊर्जा खात्याकडे गेला. देशातल्या एवढ्या मोठ्या घरातल्या बाईंना जे औषध पैसा ओतूनही मिळाले नसते, कारण ते नव्हतेच, ते आज आपल्यासारखा माणूस जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर गिळतो.

रोगाचे नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. डॉक्टर सीएमएल म्हणतात. ल्युकेमिया या शब्दाचा अर्थ पांढरे रक्त. युरोपात हा रोग १८४५ साली प्रथम नीट वर्णिला गेला. त्याच वर्षी पनवेलजवळच्या शिरढोणला वासुदेव बळवंत फडके जन्मले. मामुली योगायोग आहे, पण खारघरच्या बाकावर नंबरची वाट पाहताना असल्या गोष्टी मनात येतात. या रोगात पेशीतील नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. आखूड झालेले बाविसावे गुणसूत्र १९६० साली अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी दिसले. अदलाबदलीचा उलगडा जॅनेट राउली या बाईंनी १९७३ साली केला. त्या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल नावाचे एक बिघडलेले जनुक तयार होते आणि ते पांढऱ्या पेशींना सारखे "वाढा, वाढा" म्हणत राहते. इमॅटिनिब हे औषध नेमके त्याचे तोंड बंद करते. ते २००१ साली बाजारात आले. त्यापूर्वी या रोगाचा माणूस साधारण तीन ते पाच वर्षांचा सोबती धरत. आता गोळी लागू पडली आणि नेमाने घेतली तर पुष्कळ रुग्ण इतरांइतकेच आयुष्य जगतात. मूळ कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च लाखाच्या घरात होता, आपल्या देशी कंपन्यांच्या गोळ्यांचा आठ-दहा हजारांच्या आसपास. त्या कंपनीचा पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला आणि देशी गोळीचा मार्ग मोकळा राहिला. कोर्टकचेरीतून आपल्या पदरात क्वचितच काही पडते, ते त्या दिवशी पडले.

म्हणजे औषधाची अडचण बरीच सुटली. मागे राहिली ती तपासणी. आमचे मत असे बनले आहे की या रोगात गोळी गिळणे सोपे, पण तारखेला रक्त देणे आणि त्याच्या कागदाची वाट पाहणे हेच माणसाला खाते. हे आम्हांला कोणी आधी सांगितले नाही.

सुईचे आधी सांगू. पहिल्या तीन महिन्यांत दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजू निळ्या पडल्या होत्या. पुढे काही गोष्टी अनुभवाने कळल्या. साध्या रक्तगणनेला, म्हणजे सीबीसीला, उपाशी जावे लागत नाही. चहा-न्याहारी करून, दोन तांबे पाणी पिऊन जावे, शीर चांगली वर येते. थंडीत हात गार असेल तर आधी तळहात चोळून गरम करावा. कोणत्या हाताची शीर सापडते हे आपण सांगावे, रक्त काढणाऱ्या मुलामुलींना त्याचा राग येत नाही, उलट बरे वाटते. घेरी येत असेल तर लाजू नये, आडवे होऊन रक्त द्यावे. आमचे वजन ऐंशी किलो, मिशा या अशा, आणि आम्ही आडवे होऊनच देतो. सुई निघाल्यावर हात कोपरात मुडपू नये, सरळ ठेवून कापूस पाच मिनिटे दाबून धरावा, चोळू नये. घाईच्या दिवशी आम्ही कापूस टाकून गाडीकडे पळालो की दुसऱ्या दिवशी काळेनिळे ठरलेले.

दुसरी शंका आमच्या पूर्वेकडच्या गटातील एका वडीलधाऱ्या सभासदांनी काढली. त्यांना आपण नुसते तात्या म्हणू. ते म्हणाले, "सायेब, दर खेपंला एवढं रगत काडत्यात, मग मानूस वाळंल न्हाई तर काय हुईल?" तर हिशोब असा. सीबीसीला दोन-तीन मिलिलिटर रक्त लागते, मोठी तपासणी असली तरी सगळ्या नळ्या मिळून दहाच्या आसपास. अंगात रक्त असते साधारण पाच लिटर. दहा मिलिलिटर म्हणजे पाचशेवा भाग. कारखान्याच्या रक्तदान शिबिरात आपण एका वेळी ३५० मिलिलिटर देतो आणि बिस्किटाचा पुडा खाऊन मोटारसायकलवर घरी जातो. रोगी अशक्त होतो तो रोगाने किंवा औषधाने होत असेल, नळ्यांनी नव्हे. तात्यांना हिशोब पटला, पण म्हणाले, "तरीबी रगत ते रगतच."

सुईपेक्षा जड जातो तो कागद.

आता हा कागद मोबाइलवर येतो, रात्री नऊ वाजता, जेवणाच्या ताटावर. त्यात तीस-पस्तीस ओळी आणि कुठे ना कुठे ठळक अक्षरात एच किंवा एल, म्हणजे जास्त किंवा कमी, छापलेले असतेच. पहिल्या वर्षी आम्ही ती अक्षरे शोधत बसायचो. हुमणीने धरलेला ऊस शोधावा तसे. एकदा शनिवारी संध्याकाळी तालुक्याच्या एका लॅबचा कागद आला, प्लेटलेट ३८,०००. कमीत कमी दीड लाख असाव्या लागतात. घरात रडारड झाली, चुलते आले, भावकी जमली. रात्री बारा वाजता भाड्याची जीप करून आम्ही निघालो आणि पहाटे कामोठ्याला मेव्हण्याच्या दारात उभे. मेव्हणे म्हणाले, "दाजी, आधी चहा घ्या, मग मरायचं बघू." सकाळी खारघरला पुन्हा रक्त दिले, काचेवर पसरून डोळ्यांनी तपासले, तर प्लेटलेट १,७२,०००. डॉक्टरबाईंनी समजावले की कधी कधी नळीतल्या रक्तात प्लेटलेटचे पुंजके होतात, मशीन पुंजक्यांतल्या प्लेटलेट मोजत नाही आणि आकडा खोटा कमी दिसतो. यात लॅबने काही वाईट केले असेही नाही. शंकेचा आकडा आला तर पुन्हा नमुना देऊन खात्री करायची, एवढाच त्याचा उपाय. जीपचे भाडे मात्र खरे गेले.

या प्रसंगानंतर आम्हांला आपल्याच धंद्याची आठवण झाली. हंगामाच्या तोंडाशी आपण पक्वता चाचणी घेतो तेव्हा एका उसाचा ब्रिक्स बावीस लागला म्हणून साऱ्या प्लॉटला तोड देतो का? फडाच्या चार जागांचे ऊस घेतो, बुडखा आणि शेंडा दोन्हींचा रस रिफ्रॅक्टोमीटरवर पाहतो, रजिस्टरला मांडतो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जातो. आकडा चढतो आहे की उतरतो आहे हे पाहून मग ठरवतो. सर्दी-तापाने पांढऱ्या पेशी चार दिवस वर जातात. गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत आकडे खाली बसतात आणि डॉक्टर प्रसंगी काही दिवस गोळी थांबवतात (डॉक्टर थांबवतात, आपण नव्हे). म्हणून आम्ही पक्वता रजिस्टरचेच एक कोरे पान घरी नेले आणि त्यावर रकाने आखले. तारीख, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि शेवटी बीसीआर-एबीएल. आता कागद आला की सौ. तो रकान्यात उतरवतात आणि मागच्या चार ओळींशी ताडून पाहतात. एच आणि एल आम्ही वाचतच नाही. आणखी एक नियम घरात केला आहे. सूर्य मावळल्यावर कागद उघडायचा नाही. रात्री त्यावर करण्यासारखे काही नसते.

बीसीआर-एबीएल ही तपासणी मोठी. तिचा कागद यायला कित्येक दिवस लागतात आणि ते दिवस सर्वांत लांब असतात. तिचा आकडा शेकड्यात असतो. सुरुवातीच्या ठरलेल्या पातळीला शंभर धरायचे आणि उतरण पाहायची. तीन महिन्यांत दहाच्या खाली, मग एकच्या खाली आणि वर्षाच्या सुमारास ०.१ किंवा त्याहून कमी, अशी अपेक्षा डॉक्टर धरतात. ०.१ म्हणजे हजारातला एक भाग. हरळी खणून काढलेल्या वावरासारखे आहे हे. वरून रान स्वच्छ दिसते, पण खाली काडी आहे हे शेतकरी जाणतो, म्हणून बांधावरून नजर टाकत राहतो. ही तपासणी होता होईल तो एकाच प्रयोगशाळेत करावी आणि ती आंतरराष्ट्रीय मापाने आकडा देते ना हे विचारून घ्यावे. दोन लॅबचे आकडे भिडवू नयेत. एकाच ट्रॉलीचे बाहेरच्या काट्यावरचे आणि कारखान्याच्या काट्यावरचे वजन भिडवून किती भांडणे झाली आहेत हे आपणांस सांगायला नको.

आमची उतरण अशी झाली. तीन महिन्यांनी ७.४, सहा महिन्यांनी ०.९, वर्षाने ०.०८. डॉक्टरबाईंनी पाठ थोपटली. आणि येथेच आमचे चुकले.

दुसऱ्या वर्षी हंगाम जोरात होता. टोळ्या कमी, ऊस जास्त, रोज शंभर फोन. डिसेंबरची तारीख आली, आम्ही म्हणालो, हंगाम संपू दे. मार्चची आली, तीही तशीच ढकलली. मनातले खरे कारण निराळे होते. आकडा चांगला आला होता, तो आता कशाला उकरून काढायचा असे वाटे. न पाहिलेला कागद वाईट नसतो. गोळ्यांचेही तेच. उपाशीपोटी घेतली की मळमळते, म्हणून सकाळी फडात जाण्याआधी घेत नसू, संध्याकाळी घेऊ म्हणायचे आणि संध्याकाळी विसरायचे. तब्येत उत्तम होती. या रोगाची लबाडी हीच की आकडा चढू लागला तरी अंगाला कळत नाही, ते फक्त नळीला कळते.

मे महिन्यात गेलो. आकडा आला १.२.

डॉक्टरबाईंनी कागद खाली ठेवून एवढेच विचारले, "गोळ्या किती चुकल्या?" आम्ही म्हणालो, "दोन-चार." सौ. शेजारी बसल्या होत्या. त्यांनी काही न बोलता पिशवीतून उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. बाईंनी मोजल्या. एकोणचाळीस होत्या. दीडशे सभासदांसमोर आम्ही खताच्या मात्रा चुकवू नका म्हणून भाषणे केली आहेत, तेव्हाची आमची मान आणि त्या दिवशीची मान यांत फरक होता. औषधाला न जुमानणारा बदल जनुकात झाला आहे का, याची आणखी एक तपासणी झाली. तिच्या कागदाची वाट पाहण्याचे दिवस कसे काढले ते लिहीत नाही. तसा बदल नव्हता. गोळ्या फक्त चुकल्या होत्या. रोज रात्रीच्या जेवणानंतर गोळी सुरू झाली, ऑगस्टात आकडा ०.२ वर आला आणि नोव्हेंबरात ०.०७ वर. तेव्हापासून एकही तारीख टाळलेली नाही. पुढे मागे फार खोलवर आणि बरीच वर्षे आकडा टिकला तर काही रुग्णांची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंदही करून पाहतात, पण मग पहिले सहा महिने तपासणी दरमहा असते. म्हणजे नळीतून सुटका नाहीच.

तात्यांची गोष्ट याच्या उलट आहे, आणि ती त्यांच्या परवानगीने लिहितो. त्यांना रक्ताच्या कर्करोगाचा दुसरा सावकाश प्रकार आहे, सीएलएल म्हणतात तो. वय सत्तरीच्या पुढे. डॉक्टरांनी सांगितले, आज औषधाची गरज नाही, ठरल्या महिन्यांनी रक्त दाखवत जा. तात्यांना हे मुळीच पटेना. "वावरात हुमनी दिसतीया आन तुमी म्हनताय औषध टाकू नगा!" आम्ही त्यांना आठवण दिली की हुमणीच्या बाबतीतही आपण किडीची संख्या नुकसानीच्या पातळीवर पोहोचली का ते पाहूनच औषध टाकतो. या रोगात लक्षणे नसताना लवकर औषध दिल्याने आयुष्य वाढत नाही असे चाचण्यांत दिसून आले आहे. कोणी थांबायचे आणि कोणाला औषध द्यायचे हे ठरवताना ज्या टप्प्यांचा डॉक्टर आधार घेतात ते टप्पे १९७५ साली आपल्या जोधपूरला जन्मलेल्या डॉ. कांती राय यांनी अमेरिकेत मांडले. हे ऐकून तात्यांना थोडे बरे वाटले. आपल्याकडच्या माणसाने सांगितले आहे ना, मग ठीक. पण त्यांची खोड गेली नाही. डॉक्टरांनी सहा महिने म्हटले तरी ते दर महिन्याला तालुक्यात जाऊन स्वतःच्या पैशाने रक्त तपासतात. कधी ४२,००० येते, कधी ४७,०००, आणि ४७,००० आले की दोन दिवस जेवत नाहीत. डॉक्टर पाहतात ते सहा महिन्यांत दुप्पट होते का, गाठी वाढल्या का, हिमोग्लोबिन पडले का. आमचे मत, तारीख चुकवणारा आणि तारखेआधी धावणारा दोघेही एकाच भीतीचे गडी आहेत. आम्ही चुकवणारे, तात्या धावणारे.

आणि तात्यांचीही एक तारीख चुकलीच. गेल्या फेब्रुवारीत त्यांची डॉक्टरांकडची खरी तारीख आली आणि त्याच दिवशी त्यांच्या आडसालीला टोळी आली. मुलगा नोकरीला परगावी. फडात मालक नाही तर मुकादम टोळी पुढच्या बांधावर नेणार, मग पुन्हा पाळी कधी, कोणास ठाऊक. तात्या दवाखान्यात गेले नाहीत. फडाच्या बांधावर बसून राहिले. त्या टोळीला तेथे पाठवणारा कार्यक्रम आमच्याच सहीचा होता.

म्हणून हा लेख. शेतकी खात्यातर्फे आम्ही संचालक मंडळापुढे एक विनंती ठेवली आहे. ज्या सभासदास किंवा त्याच्या घरच्या माणसास दवाखान्याची ठरलेली तारीख आहे, मग रोग कर्करोग असो, मूत्रपिंडाचा असो वा दुसरा कोणता, त्याने दवाखान्याच्या कार्डाची झेरॉक्स आठ दिवस आधी गट ऑफिसात द्यावी. त्या दोन दिवसांत त्याला तोड येणार नाही, आणि टोळी पुढे गेली तरी त्याचा क्रम जाणार नाही. परत आल्यावर पहिली चिठ्ठी त्याची. ते कार्ड ओव्हरसिअरच्या कपाटात राहील, फळ्यावर लागणार नाही.

यावर एक आक्षेप आताच कानावर आला आहे. उद्या जो तो दवाखान्याचा कागद आणून तोड मागेल. तर नीट वाचावे. या कागदावर तोड लवकर मिळत नाही. फक्त दोन दिवस पुढे जाते आणि क्रम राखला जातो. ऊस लवकर जावा म्हणून माणूस काय काय करतो हे आम्ही वीस वर्षे पाहत आहोत, पण दोन दिवस उशीर व्हावा म्हणून खोटे कार्ड आणणारा सभासद अजून आम्हांला भेटलेला नाही.

आरोग्य शिबिराबद्दलही बोलले पाहिजे. आमचा रोग शिबिरातच सापडला, तेव्हा शिबिराला नावे ठेवण्याचा आम्हांला अधिकार नाही. पण शिबिरानंतर शेकडो माणसांच्या हाती कागद पडतात आणि ते समजावून सांगायला कोणी नसते. काही जण एचचे अक्षर पाहून महिनाभर झोपत नाहीत, काही जण कागद पत्र्याच्या पेटीत टाकून देतात. पुढच्या शिबिरात रक्त काढण्याच्या टेबलाइतकीच कागद समजावण्याच्या टेबलाची सोय असावी आणि तेथे डॉक्टर बसावेत, निदान एक दिवस. पैशाची अडचण असेल त्यांनी मोठ्या रुग्णालयात गेल्यावर आधी समाजसेवा विभागात जावे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किंवा दुसऱ्या कोणत्या मदतीत आपले बसते का ते तेथे नीट विचारावे. गावातला शहाणा सांगतो त्यावर विसंबू नये.

शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही एक सांगणे आहे. भेटायला जरूर यावे, पण येताना काढ्याची बाटली आणू नये. आमच्या घरी अकरा बाटल्या जमल्या आहेत. चालू औषधाबरोबर काय चालते, काय नाही हे डॉक्टरांनाच विचारावे लागते. आणि "आता कितीवर आलं?" असा आकडा विचारू नये. विचारायचेच तर "कोणाबरोबर निघालाय?" हे विचारावे. खरी अडचण बहुधा तीच असते. रात्रीच्या एसटीत शेजारी ओळखीचे माणूस असले, पनवेलला उतरून स्टेशनापर्यंत कोणी पिशवी धरली, खांदेश्वर-मानसरोवर करत लोकलने खारघरला सोबत आले, एवढ्याने त्या दिवसाचे निम्मे ओझे उतरते. आमच्याबरोबर सौ. असतात, आणि कामोठ्याचे मेव्हणे हापिसात रजा टाकून येतात. तात्यांना कोणी नव्हते. पुढच्या खेपेपासून त्यांच्याबरोबर त्यांच्या बांधाशेजारचे दोघे आळीपाळीने जाणार आहेत. ते दोघे आणि तात्या यांचा बांधावरून कोर्टात दावा चालू आहे. तरी जाणार आहेत.

आमची पुढची तारीख जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी आहे. सोमवार संध्याकाळपासून बुधवार सकाळपर्यंत आमचा फोन बंद राहील. त्या मुदतीत तोडीच्या तक्रारी आपापल्या गट ऑफिसात द्याव्यात, पक्वता चाचणीचे काम सहायक पाहतील. पूर्वेकडच्या गटातील ज्यांचे को ८६०३२ चे प्लॉट अजून चाचणीचे राहिले आहेत त्यांनी नोंदीचा उतारा घेऊन महिनाअखेरपर्यंत ओव्हरसिअरना भेटावे. खोडव्यात पाचट कुजवण्याचा लेख, जो या अंकात यायचा होता, तो पुढील अंकी देऊ.

— ऊस विकास अधिकारी